मंदीत रंगवलेल्या बरण्या: ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’कडे कसे पाहावे

प्रश्न असा आहे की, १९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेच्या केंद्र सरकारने शेकडो चित्रकारांना पगार देऊन जुन्या बरण्या, गोधड्या, खेळणी आणि छपरावर बसवलेले, वाऱ्याची दिशा दाखवणारे वातदर्शक यांची जलरंगातील चित्रे का करून घेतली, कॅमेरा हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी केला, आणि दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूचे हुबेहूब चित्र काढण्याला कला म्हणावे की केवळ पोटापाण्याची सोय. संग्रहातील वस्तूंची मापे घेणे, त्यांचे रेखाटन करणे आणि नोंदपत्रे तयार करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्याने ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या उपक्रमाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न एकाच उत्तराला येऊन मिळतात: मंदीमुळे कुशल हातांचा वेळ मोकळा पडला होता, आणि वस्तूच्या बारीक तपासणीला रंग-कागदापेक्षा वेळच जास्त लागतो.

आधी पार्श्वभूमी सांगतो. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील जवळजवळ एक चतुर्थांश कामकरी लोक बेकार झाले. चित्रकारांची अवस्था तर दुहेरी वाईट होती. श्रीमंत ग्राहकांनी चित्रे घेणे बंद केले, आणि जाहिराती, मासिके, कॅटलॉग यांसाठी चित्रे काढून जगणाऱ्यांचे काम आटले. १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’ ही रोजगार यंत्रणा उभी राहिली आणि तिच्या छत्राखाली संगीत, नाटक, लेखन यांच्या बरोबरीने ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ सुरू झाले. त्याचे संचालक होल्गर केहिल यांनी त्याआधी न्यूअर्कच्या संग्रहालयात आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकी लोककलेची प्रदर्शने भरवली होती. त्यामुळे अनामिक कारागिरांच्या वस्तूंकडे आदराने पाहणारा माणूस नेमका अधिकाराच्या जागी बसलेला होता.

इंडेक्सची कल्पना मात्र केहिल यांची नव्हती. ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या चित्रसंग्रह विभागात जन्मली. त्या विभागाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ यांच्याकडे रंगभूमीचे नेपथ्यकार, कापडाचे नमुने करणारे, जाहिरातींचे चित्रकार असे नाना प्रकारचे लोक संदर्भचित्रे मागायला येत. युरोपातील पोशाख, भांडी, नक्षी यांचे सचित्र ग्रंथ त्यांना देता येत. अमेरिकेतल्या वस्तूंबद्दल विचारले की विश्वासाने पुढे करावे असे फारसे काही नसे. कापड-नमुनाकार रूथ रीव्ह्ज यांच्याशी झालेल्या चर्चेतून १९३५ मध्ये योजना आकाराला आली की, ज्या बेकार चित्रकारांचा हात अचूक रेखाटनात तयार आहे त्यांच्याकडून देशभरातील वस्तूंची चित्रे करून घ्यावीत. ग्रंथालयाच्या टेबलावरच्या रोजच्या अडचणीतून ही योजना निघाली, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण तिच्या बहुतेक नियमांमागे वापरणाऱ्याची गरज उभी दिसते.

इमारतींच्या बाबतीत अशी वाट आधीच पडलेली होती. १९३३ मध्ये ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ने बेकार वास्तुरचनाकारांना जुन्या वास्तूंची मोजमापे आणि नकाशे करण्याच्या कामाला लावले होते. इंडेक्सने वास्तू सोडल्या, चित्र-शिल्पकलेचे प्रतिष्ठित नमुने सोडले आणि वसाहतकाळापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या वापरातल्या, पण सजवलेल्या वस्तूंवर लक्ष ठेवले. जहाजांच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, लाकडी मूर्ती, तंबाखूच्या दुकानाबाहेर उभे केलेले पुतळे, मेरी-गो-राउंडचे घोडे, ओतीव लोखंडाचे गल्ले, रंगवलेली पत्र्याची भांडी, पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकऱ्यांचे फुला-पाखरांच्या चित्रांनी सजवलेले पेटारे, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे साधे, नेटके फर्निचर, लोण्याचे ठसे, बाहुल्या, खोगिरे आणि जनावरांना डाग देण्याच्या लोखंडी मुद्रा, असा हा पसारा आहे. तीसहून अधिक राज्यांत काम चालले आणि १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रे जमली.

आता कॅमेऱ्याचा मुद्दा. व्यवहाराचे उत्तर सोपे आहे: रंगीत छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते. कोडाक्रोम १९३५ मध्ये सिनेफिल्म म्हणून आली, स्थिर छायाचित्रांसाठी ती १९३६ मध्ये मिळू लागली, आणि हजारो वस्तूंसाठी असा खर्च करणे या योजनेच्या आवाक्यात नव्हते. कृष्णधवल छायाचित्रे इंडेक्सनेही वापरली, विशेषतः शेकर वस्तूंसाठी. परंतु समजा, रंगीत फिल्म स्वस्त असती, तरीही मी चित्राचाच आग्रह धरला असता.

भिंग एका जागी उभे राहते. जवळची कड मोठी दिसते, दूरची आकसते, झिलईवर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि नेमकी नक्षी त्या चकाकीत बुडते. चित्रकार वस्तूभोवती फिरतो, ती हातात घेतो, उलटी करून बूड पाहतो, आणि मग कोणते पाहणे कागदावर न्यायचे ते ठरवतो. वस्तू एकाच बाजूच्या उजेडात, कोऱ्या पार्श्वभूमीवर, प्रमाणात तसूभरही चूक न करता, आणि ती कशी जोडली-घडवली आहे हे उलगडेल अशी दाखवायची, हा इंडेक्सचा दंडक होता. चित्रकाराने आपली शैली मिरवायची नाही, ही अट त्यातच आली. छायाचित्रात फिकट आणि गडद करड्या रंगाचे दोन डाग दिसतात. त्यांतला कोणता खरा रंग, कोणती सावली आणि कोणती मळाची पुटे, याचा निवाडा चित्रात आधीच झालेला असतो.

ही पद्धत कुठून आली, हेही पाहण्यासारखे आहे. बोस्टनचे चित्रकार जोसेफ लिंडन स्मिथ यांनी इजिप्तमधील थडग्यांच्या भिंती आणि कोरीवकाम यांची नोंद करताना जी काटेकोर रंगपद्धत घडवली होती, तिच्यावर आधारलेले तंत्र बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधील सुझॅन चॅपमन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या चित्रकारांना शिकवले, आणि त्यांची पाने इतर राज्यांना नमुना म्हणून दाखवली गेली. पारदर्शक जलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, आणि चकाकी दाखवायला पांढरा रंग न लावता कागदच मोकळा सोडायचा, असे त्याचे सूत्र होते. मोकळी सोडायची जागा पहिला थर देण्यापूर्वी ठरवावी लागते. म्हणजे ब्रश ओला करण्याआधीच वस्तूवर उजेड कुठे कसा पडतो याचा पूर्ण अभ्यास झालेला असावा लागतो.

एक उदाहरण जवळून पाहू. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घरोघरी असलेली स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या कडक भाजलेल्या मातीची, करडी बरणी घ्या, जिच्या पोटावर निळ्या रंगात पक्षी किंवा फूल काढलेले असते. भट्टीचा ताव सर्वांत चढला की आत मीठ टाकत. त्याची वाफ होऊन सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावे आणि भांड्यावर काचेसारखी झिलई चढे. ही झिलई सपाट नसते. तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगी असतात. निळा रंग कोबाल्ट ऑक्साइडचा. तो भट्टीपूर्वी कच्च्या भांड्यावर ब्रशने लावलेला असतो, जिथे जाड बसला तिथे जवळजवळ काळा आणि जिथे ब्रश कोरडा पडत गेला तिथे धुरकट होतो. मूळ कारागिराने पक्ष्याची शेपटी एका फटक्यात काढली की दोन, सुरुवात कुठून केली, हे त्या गडद-फिक्या छटांवरून वाचता येते. आता ही बरणी जलरंगात उतरवायची म्हणजे खळग्यांची चमक हजार ठिकाणी कागद सोडून दाखवायची, निळ्याचा दाटपणा थरांनी मोजायचा, आणि तरी लांबून पाहता गोलाई हरवू द्यायची नाही. हे ज्याने केले त्याला त्या अनामिक कुंभाराच्या मनगटाची चाल कळली असणार, यात मला शंका नाही. नक्कल हा शब्द अशा कामाला अपुरा पडतो. हे तपासणीचे काम आहे, आणि त्याचा अहवाल रंगात लिहिला आहे.

कापडाच्या बाबतीत वेगळी पंचाईत असते. फेब्रुवारी १९४० मध्ये फ्लोरिडातील कोरल गेबल्स येथे मॅग्नस फॉसम हे चित्रकार ‘बोस्टन टाउन’ नमुन्याचा पलंगपोस चित्रित करत असतानाचे एक छायाचित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. विणलेल्या कापडाचा प्रत्येक धागा रंगवायचा म्हटले तर काम कधी संपायचेच नाही, आणि नुसती नक्षी रंगवली तर ते कापड न दिसता छापील कागद दिसू लागतो. चांगल्या पानांत चित्रकार धाग्यांचा उठाव काही भागात पूर्ण दाखवतो आणि बाकी ठिकाणी नजरेला तेवढ्या इशाऱ्यावर सोडतो. कित्येकदा पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचा एवढाच हिस्सा रंगवलेला असतो की, ज्यावरून उरलेली वीण कळावी.

अशा पानांना दिवस तर लागतच, काहींना आठवडे लागत. बाजारभावाने हे कोणाला परवडले असते? न्यूयॉर्कमध्ये प्रकल्पातील चित्रकाराला आठवड्याला २३-२४ डॉलर मिळत. इतरत्र त्याहून कमी. प्रकाशकाने किंवा कारखानदाराने हे काम दिले असते तर पानामागे दर ठरवून घाई केली असती. येथे मोबदला वेळेचा होता, पानांचा नव्हता, आणि सरकारचा पहिला उद्देश माणसाला कामावर ठेवणे हा असल्याने पान लवकर संपवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. दफ्तरी काटकसरवाल्यांना ही उधळपट्टी वाटे, पण नोंदीचा दर्जा नेमका तिच्यातूनच आला. ज्यांच्याकडून हे काम झाले त्यांच्यात जाहिरातींची चित्रे काढणारे बरेच होते. स्वतःची चित्रे काढण्यासाठी पगार मिळणाऱ्या चित्रकारांच्या तुलनेत त्यांना खालचे मानले जाई. तरी बूट किंवा घड्याळ कॅटलॉगसाठी डोळ्यांत भरेल असे रंगवण्याची त्यांची सवय इथे जशीच्या तशी कामी आली.

चित्रासोबत एक नोंदपत्र असे: वस्तू कोणाची, कशाची बनलेली, मापे काय, कोणी आणि केव्हा केली असावी. माझ्या धंद्यातल्या माणसाला चित्राइतकेच हे पत्र मोलाचे असते, आणि इंडेक्सचा कच्चा दुवाही तिथेच आहे. मालकाने सांगितलेले साल, घराण्यातली आठवण, पुराणवस्तू विकणाऱ्याचा दावा, हे सगळे कधीकधी पडताळणी न होता पत्रात उतरले. फॉसम यांच्या त्या छायाचित्राच्या ओळीत पलंगपोस १७७० चा म्हटला आहे. सर्वसाधारण कसोटी अशी की, जॅकार्डची, म्हणजे छिद्रांच्या पत्त्यांनी धागे उचलून गुंतागुंतीची नक्षी विणणाऱ्या यंत्राची, जोडणी अमेरिकी मागांवर १८२० च्या दशकात आली. त्यामुळे घरे, झाडे, पक्षी अशी गुंतागुंतीची चित्रे विणलेल्या पलंगपोसाला कोणी अठराव्या शतकातले साल दिले, तर पुरावा मागावा. सुदैवाने जॅकार्डवर काम करणारे विणकर बहुधा कोपऱ्यात आपले नाव, गाव आणि साल विणून ठेवत, आणि चित्रकाराने तो कोपरा इमानेइतबारे उतरवला असेल तर आजही पडताळा घेता येतो.

निवडीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. इंडेक्सच्या राष्ट्रीय संपादक कॉन्स्टन्स रूर्क यांचा विश्वास होता की, अमेरिकेची कलापरंपरा युरोपच्या मापाने मोजू नये, ती रोजच्या उपयोगाच्या वस्तूंत आणि लोकव्यवहारात शोधावी. हा विचार मला पटतो. परंतु ‘अमेरिकी’ म्हणजे कोण, याचे उत्तर संग्रहाने फारच अरुंद दिले. मूळ रहिवाशांच्या वस्तू, मानववंशशास्त्रज्ञ त्यांचे काम करतच आहेत असे कारण देऊन, वगळल्या गेल्या. आफ्रिकी वंशाच्या कारागिरांचा वाटा अगदी तोकडा दिसतो; गुलामगिरीत राबलेल्या हातांनी घडवलेली वस्तू आली तरी करणाऱ्याचे नाव क्वचितच येते. न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश वसाहतकाळातील संतमूर्तींना मात्र जागा मिळाली, आणि त्यांचा हाताने रंगवलेल्या ठशांचा स्वतंत्र चित्रसंच १९३८ मध्ये निघाला. न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांचा भरणा आहे, आणि त्याला आवडीनिवडीइतकेच प्रशासकीय कारण होते: चित्रकार प्रामुख्याने सरकारी मदतीस पात्र ठरलेल्या बेकारांच्या यादीतून घ्यायचे असल्याने, ज्या राज्यात अचूक हाताचे चित्रकार त्या यादीत नव्हते तिथल्या वस्तू कितीही उत्तम असल्या तरी रंगवणार कोण?

आणखी एक खोट आहे, जी चित्रांच्या सौंदर्यामुळे नजरेतून सुटते. कोऱ्या कागदावर एकटी ठेवलेली वस्तू शिल्पासारखी दिसते. छपराच्या शिखरावरून काढलेला वातदर्शक, फळीवरून उचललेली बरणी, अंगात कोणी नसलेला झगा, या सगळ्यांना १९३० च्या दशकातील आधुनिक कलेच्या नजरेने शुद्ध आकार बहाल केला आहे. आकार समजायला हे सोयीचे आहे, पण वस्तू कोणाच्या घरात, कोणत्या वस्तूशेजारी, किती हाताळली जात होती, ते पुसले गेले. पर्किन्स हार्नली यांची चित्रे यास अपवाद आहेत. त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणखान्यांची आणि शयनगृहांची सगळी गर्दी, पडदे-झालरींसकट, रंगवली. वस्तुनिष्ठतेच्या कसोटीवर ती थोडी नाटकी वाटतील, पण वस्तू जगात कशी नांदत होती याचा अंदाज मला त्यांच्यावरूनच अधिक येतो.

हेतू कितपत साधला? संग्रह कारखानदार आणि नमुनाकार यांच्या हाती चित्रसंचांच्या रूपाने द्यावा, असा बेत होता. रंगीत छपाई इतकी महाग होती की, तो बेत जवळपास बारगळला; चित्रे मोठ्या दुकानांत आणि संग्रहालयांत मांडली गेली, लोकांनी पाहिली, पण नमुनाकाराच्या टेबलावर ती पोहोचली नाहीत. १९३९ च्या कायद्याने सलग १८ महिने कामावर असलेल्यांना कमी करण्याची आणि स्थानिक प्रायोजकांनी खर्चाचा वाटा उचलण्याची सक्ती आली; ज्यांचा हात नुकता बसला होता तेच बाहेर पडले. १९४२ मध्ये युद्धामुळे काम थांबले. उद्योगासाठी संदर्भसाठा म्हणून इंडेक्स अयशस्वी ठरला असे मी म्हणेन. दफ्तर म्हणून मात्र तो टिकला, आणि टिकला तो योगायोगाने नव्हे. याच यंत्रणेच्या पगारावर काढलेली कित्येक तैलचित्रे न्यूयॉर्कमध्ये नळांवर गुंडाळायला उपयोगी जुने कॅनव्हास म्हणून वजनावर विकली गेली, कारण ती सुटी होती आणि त्यांचा वाली कोणी नव्हता. इंडेक्सची पाने एका आकारशिस्तीत, नोंदपत्रांसह, एका नावाखाली होती. म्हणून ती १९४३ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे एकगठ्ठा सोपवता आली. तिथले अभिरक्षक एर्विन क्रिस्टेन्सन यांनी १९५० मध्ये निवडक चित्रांचा ग्रंथ काढला, आणि २००२ मध्ये त्याच गॅलरीने मोठे प्रदर्शन भरवले.

ल्युसिल शाबो यांनी रंगवलेला देवदूत या सगळ्यात बहुधा सर्वांत जास्त लोकांच्या हाती गेला. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टच्या एका मेथडिस्ट चर्चवरचा, तुतारी फुंकणारा, १८४० चा हा वातदर्शक. त्यांच्या जलरंगावरून अमेरिकेने १९६५ चे नाताळचे पाच सेंटचे तिकीट काढले. तिकिटावर अर्थातच फक्त बाह्याकृती आणि रंगाचा ठसा उरला. मूळ चित्र पाहायला मिळाले तर सोन्याचा वर्ख जिथे विटला आणि ऊन-पावसाने धातूचे रूप जिथे बदलले, त्या कडा पाहाव्यात.

ज्यांना हा संग्रह अभ्यासासाठी किंवा स्वतःच्या नमुनाकामासाठी वापरायचा आहे, त्यांना नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर ही चित्रे मोठ्या आकारात, विनामूल्य आणि वापराच्या मोकळीकीसह मिळतात. पडद्यावर पाहताना आधी वस्तूची नोंदलेली मापे वाचावीत, कारण हातभर उंचीची बाहुली आणि पुरुषभर उंचीची नाळमूर्ती कागदावर सारख्याच मोठ्या दिसतात. साल आणि मूळ गाव यांना प्राथमिक अंदाज समजावे आणि वस्तू आज एखाद्या संग्रहालयात असल्यास तिथल्या नव्या नोंदीशी ताडून पाहावे. एकाच प्रकारच्या वस्तूची दोन राज्यांतली पाने शेजारी ठेवली तर रंगातला फरक मातीचा आहे की चित्रकाराच्या पेटीतल्या रंगाचा, हे बऱ्याचदा उघड होते. श्रेय देताना गॅलरीच्या नावाबरोबर चित्रकाराचे नावही लिहावे. तिथल्या बहुसंख्य पानांच्या नोंदीत ते दिलेले असते.